दगडाची मोकळी बाजू

२ सप्टेंबर १९८६

उतरायचं होतं पुढच्या गावी, उतरलो द्रेनोव्यात. दूध गोळा करणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर म्हणाला, इथे एकाकडे चार शिंगांचा मेंढा आहे. मेंढा पाहिला. शिंगं दोनच निघाली, बाकीची दोन ड्रायव्हरने स्वतःच्या पदरची लावली होती. तोवर गाडी निघून गेलेली.

पण बरं झालं. आलुबुखारांच्या बागा संपतात तिथून वर चढावर जुनी दफनभूमी आहे. पिवळट वाळूच्या दगडाचे उभे खांब, कोणी पुढे झुकलेला, कोणी शेजाऱ्याच्या खांद्यावर. प्रत्येकावर माणूस कोरलाय: गोल डोळे, मिशा, हातात खिशातलं घड्याळ. या डोंगरात त्या काळी घड्याळ एखाद्याकडे असेल नसेल, पण मेल्यावर सगळ्यांना मिळालेलं दिसतं. निळा रंग अजून कुठे कुठे टिकलाय. मागे दरी, दरीत धुकं. चाचाक शहरातल्या संग्रहालयाच्या बाईंना हेच हवंय: जुने दगड, आजूबाजूच्या शिवारासकट. नोव्हेंबरातल्या दिमित्रीच्या सणाच्या आत फोटो आणून दे, म्हणाल्यात, पुस्तकात घेता येतील. कॅमेराही त्यांचाच. भूमापनाची शाळा अर्धवट सोडल्यापासून कोणी विश्वासाने माझ्या हातात काही दिलंय ते हे पहिलंच.

चौकट मस्त जमली होती, तेवढ्यात लांब दांड्याचा विळा घेऊन एक म्हातारा मधोमध येऊन गवत कापायला लागला. मी वाट पाहिली. तो हलेना.

"काका, जरा बाजूला व्हाल का?"

"यांना सांग बाजूला व्हायला," दगडांकडे बोट दाखवून तो म्हणाला, "हे रिकामे आहेत. मी कामात आहे."

४ सप्टेंबर

मुक्काम विदोसावा आजीकडे. दफनभूमीच्या खालचं पहिलंच घर तिचं. उन्हाळी स्वयंपाकघरात मला खाट दिलीय, वर कांद्याच्या माळा. आजी म्हटलेलं तिला आवडत नाही.

"आजी व्हायला आधी आई व्हावं लागतं," ती म्हणाली, "पण म्हण. नाहीतर काय म्हणशील, विदोसावा? तेही वाईटच."

आज तिने मला तिच्या नवऱ्याचा दगड दाखवला. मिलुन. उजव्या अर्ध्या भागात तो, घड्याळासकट. डावा अर्धा भाग गुळगुळीत, मोकळा. त्या मोकळ्या भागाखाली कोरलंय: विदोसावा, १९२३ आणि पुढे आडवी रेघ.

"हे तर तुझं नाव."

"माझंच."

"तू जिवंत असताना?"

"ओंडक्याखाली सापडून मिलुन गेला, त्याच वर्षी सासऱ्याने दगड करून घेतला. कारागीर एवढ्या लांबून आलाय तर सुनेचंही होऊन जाऊ दे, म्हणाला. मी कणीक मळत होते. कोणी विचारलं नाही. पिठाचे हात घेऊन वर गेले तर दगडावर मी."

तेव्हा ती चोवीसची होती. मला राहवेना, विचारलं, रोज स्वतःच्या नावासमोरून जाताना कसं वाटतं? म्हणाली, सुरुवातीला वळसा घालून जायची. वळसा चढाचा होता, गुडघे दुखायला लागल्यावर सरळ जायला लागली.

आता गोष्ट अशी आहे की तिच्या दिराचा मुलगा देसिमिर मागे लागलाय: काकी, शरदातल्या पितरांच्या शनिवारच्या आत तुझा चेहरा त्या मोकळ्या जागी बसवून घेऊ, दगड असा अर्धवट बघवत नाही. त्यासाठी फोटो हवा. आणि फोटोवाला आयताच तिच्या खाटेवर येऊन झोपलाय.

"पण नीट काढ," ती म्हणाली. "लग्नाचा फोटो चार वर्षांत फिकट होतो. हा दगड मी नसेन तेव्हाही असणार. तिथे कशी दिसते ते मला नंतर येऊन बदलता येणार नाही."

९ सप्टेंबर

संग्रहालयासाठी काहीच केलं नाही. आलुबुखार वाळवायच्या भट्टीपाशी दिवस गेला. धूर, गांधीलमाश्या, गोड चिकट हात. मी पोट बिघडेपर्यंत खाल्ले.

१४ सप्टेंबर

रविवार, आजीबरोबर चर्चला. आईसाठी मेणबत्ती लावली आणि खालच्या ताटातल्या वाळूत खोचली. आजीने माझ्या मनगटावर फटका मारला. वरचं ताट जिवंतांचं, खालचं मेलेल्यांचं, हे मला लहानपणापासून माहीत आहे, पण लक्ष छतावरच्या वटवाघळाकडे होतं. मेणबत्ती उपटून वर लावली. आईला घरी पत्र टाकायला हवं.

१७ सप्टेंबर

चाचाकला जाऊन पहिले दोन रोल धुवून आणले. वैताग. जवळजवळ प्रत्येक फोटोत तो गवत कापणारा म्हातारा आहे. मिलुनचा दगड, कडेला त्याची टोपी. दरी, खाली त्याची गाय. सकाळचं सुंदर तिरपं ऊन, त्यात त्याची पाठ.

त्याचं नाव रादोयको. मिलुनचा जिवलग मित्र होता म्हणे, बरीच वर्षं रेल्वेत कामाला होता, मग परत आला. लग्न केलं नाही. घर ओढ्यापलीकडे, म्हणजे दफनभूमीकडे यायचं त्याला काही कारणच नाही. तरी रोज इथे. बरं, सगळं गवत कापत असता तर समजलं असतं, पण तो आजीच्या घरापासून मिलुनच्या दगडापर्यंतची पायवाट तेवढी साफ ठेवतो, वरचा भाग कमरेएवढा वाढलाय. मी म्हटलं, काका, वरचंही कापा ना, मला जुने दगड दिसत नाहीत. म्हणाला, तिथून कोण चालतं?

आळशी आहे.

१९ सप्टेंबर

दफनभूमीच्या भिंतीजवळ नवे काळे ग्रॅनाइटचे दगड आहेत. त्यांवर फोटोवरून चेहरे टोचून काढलेले. ते मला घ्यायचे नाहीत, पण एकापाशी थांबलो: रादोयकोचा स्वतःचाच. इथे पुष्कळजण जिवंतपणी दगड उभा करतात, त्याचं नवल नाही. नवल हे की चेहरा डाव्या कोपऱ्यात, उजवीकडे बघणारा, आणि उजवा अर्धा भाग कोराच. रचना म्हणून अगदी वाईट. कारागिराची चूक वाटली.

तो कारागीर, तिहोमिर मिस्त्री, आज दुसऱ्या एका दगडावर काम करत होता. हिऱ्याच्या टोकाने टिंब, टिंब, टिंब, त्यातून हळूहळू गाल. मी तासभर बघत बसलो. मग विचारलं.

"चूक नाही," तो म्हणाला. "तसाच हवा म्हणाला."

"एकट्या माणसाला एवढा रुंद दगड?"

"मीही तेच विचारलं. म्हणाला, मला हातपाय पसरून झोपायची सवय आहे."

या गावातली माणसं विक्षिप्त आहेत.

२३ सप्टेंबर

आजीचे फोटो. दारात, ओट्यावर, काळ्या रुमालात, फुलाफुलांच्या रुमालात, मिलुनच्या दगडाशेजारी. एकही पसंत नाही.

"याच्याशेजारी मी त्याची आई दिसते," मिलुनच्या कोरीव मिशांकडे बघत ती म्हणाली. "सव्वीस वर्षांचा पोरगा आणि ही थेरडी. वरती भेटलो तर तो मला 'या मावशी, बसा' म्हणेल."

मला एकदम सुचलं. तिला वरच्या जुन्या दगडांपाशी नेलं, गवत तुडवत. तिथल्या बायकांना वयच नाही: सगळ्यांचे डोळे गोल, हात पोटावर, हातात चाती नाहीतर फूल. विशीतली की ऐंशीतली, सांगताच येत नाही. म्हटलं, आजी, तिहोमिर मिस्त्रीला सांगू, अशीच कोर. मिलुनशी जुळेल. वयाचा प्रश्नच मिटला.

मला वाटलं होतं ती खूष होईल. तिने एकीच्या डोळ्यांवरून बोट फिरवलं.

"घुबड," ती म्हणाली. "आणि ही कोणाकडे बघतेय?"

"समोर. सगळेच समोर बघतात."

"तेच तर."

वय हा प्रश्न नसेल तर काय आहे, ते मला कळेना. खाली येताना हरणाच्या पायाचे ठसे सापडले, त्यांच्या मागे ओढ्यापर्यंत गेलो.

२५ सप्टेंबर

पुन्हा प्रयत्न. तिला भिंतीजवळच्या बाकावर बसवलं, ऊन चांगलं होतं. म्हटलं, कॅमेऱ्यात बघ. बटण दाबणार तेवढ्यात डावीकडून रादोयको ओरडला,

"वहिनी, दात आत घे, पोराचा कॅमेरा फुटेल."

"भावजी, तुम्ही तुमची गाय सांभाळा, ती पाद्र्याच्या कोबीत शिरलीय," ती म्हणाली, हसली आणि डावीकडे वळली. बटण दाबलं गेलं होतं. फुकट गेला एक फोटो. मग नीट समोर बघायला लावून तीन काढले.

गाय खरंच कोबीत होती.

३ ऑक्टोबर

फोटो आणले. आजीने टेबल पुसलं, हात धुतले, मग एकेक बघितला. समोर बघणारे बाजूला सारले. तो फुकट गेलेला उचलला आणि खिडकीपाशी नेला.

"हा."

खरं सांगायचं तर चांगला आलाय. कसा ते कळत नाही. डोक्यावरचा रुमाल सरकलाय, एक दात नाही ते दिसतंय, पण बघत राहावंसं वाटतं. चोवीस आणि त्रेसष्ट दोन्ही एकाच चेहऱ्यात. पण मी भूमापन शिकलोय, दिशा मला कळतात. म्हटलं, आजी, दगडावर मिलुन उजवीकडे, तुझी जागा डावीकडे. यात तू डावीकडे वळलीयस. म्हणजे नवऱ्याला पाठ दाखवून रस्त्याकडे बघशील, कायमची.

"दिसतं मला. आंधळी नाही."

"मग?"

"मग काही नाही. मक्याची भाकर खाणार का सायीबरोबर?"

खाल्ली. फोटो तिने पावाच्या फडक्यात गुंडाळून देवाच्या तसबिरीमागे ठेवला. संध्याकाळी देसिमिर आला. त्याने समोर बघणाऱ्यांतला काळ्या रुमालाचा एक मागितला. देऊन टाकला. माणूस भला आहे, काकीला लाकडं फोडून देतो.

५ ऑक्टोबर

रादोयकोने काल फोटो बघायला मागितले. त्याच्यामुळे बिघडलेले मुद्दाम दाखवले. लाजला नाही. मग आजीच्या त्या फोटोची माझ्याकडची दुसरी प्रत हातात आली. बराच वेळ धरून बसला.

"ही कुठे बघतेय?"

"तुमच्याकडे. म्हणजे, तुमच्या गाईकडे. कोबीच्या दिवशी."

"गाईकडे," तो म्हणाला. फोटो परत दिला, टोपी काढली, पुन्हा घातली.

आज सकाळी खाटेजवळ चीजचा एक आख्खा गोळा ठेवलेला सापडला, त्याच्याकडचा. कशाबद्दल ते माहीत नाही. कोबीबद्दल पाद्र्याला द्यायचा असेल आणि चुकून माझ्याकडे आला असेल. खायला सुरुवात केलीय.

१८ ऑक्टोबर

पाऊस. संग्रहालयाचं काम आता खरंच पुढे जातंय, ओल्या दगडांवरची अक्षरं छान उठतात. कित्येक दगड वाटसरूशी बोलतात: थांब, मी अमुक, परक्या मुलखात मेलो, हाडं तिकडे आहेत, नाव तेवढं इथे आहे. एकाच माणसाचा देह एकीकडे आणि दगड दुसरीकडे. हे मला फार आवडलं. संध्याकाळी भाकर भाजत असताना आजीला वाचून दाखवलं. ती थबकली.

"म्हणजे नाव एकीकडे आणि माणूस दुसरीकडे, असं चालतं?"

"इथे तर अर्ध्या डोंगराचं तसंच आहे."

मग मी बातमी दिली: देसिमिरने तिच्या त्या काळ्या रुमालातल्या फोटोची चिनी मातीवर लंबगोल तसबीर करून आणलीय, सोमवारी तिहोमिर मिस्त्री ती मिलुनच्या दगडावर बसवणार, तिला सुखद धक्का द्यायचाय. सांगून टाकल्यावर लक्षात आलं, धक्का माझ्याकडून देऊन झाला.

ती चुलीकडे बघत राहिली. म्हणाली, "एकदा चिकटवली की झालं."

"आवडली नाही का ती?"

"मिलुनशी माझा पाच महिन्यांचा संसार. चांगला होता तो. त्याच्याविषयी मनात काही नाही. पण पुढे एकाने मला विचारलं होतं. मी त्याला म्हटलं, वर जाऊन दगड वाचा. तो गेला, वाचून आला आणि गाव सोडून गेला. मला वाटलं होतं, वाचून आल्यावर भांडेल."

कोण, हे मी विचारणार होतो, पण भाकर करपली, आणि मग धुराने दोघांचे डोळे पाणावले.

२० ऑक्टोबर

हे सगळं नीट लिहायला हवं.

सकाळी पाऊस थांबला. वर मिलुनच्या दगडापाशी देसिमिर, तिहोमिर मिस्त्री आणि मी. मिस्त्रीने सिमेंट कालवलं होतं. रादोयको भिंतीजवळ पानं गोळा करत होता, आमच्याकडे पाठ करून. आजी वर आली ती रविवारच्या कपड्यांत. देसिमिरला वाटलं, याच कामासाठी.

"काकी, बघ किती छान झालीय."

तिने तसबीर रुमालाच्या टोकाने पुसली. "छान आहे. घरात लावते."

"घरात कशी? दगडासाठी आहे ती."

"दगडासाठी दुसरा आहे." तिने पावाच्या फडक्यातून फोटो काढून मिस्त्रीला दिला.

मिस्त्रीने फोटो बघितला, मिलुनचा दगड बघितला. "काकू, हा इथे शोभणार नाही. तोंड रस्त्याकडे होईल."

"इथे बसवायचाच नाही."

आणि ती भिंतीकडे चालायला लागली. त्या साफ पायवाटेवरून नाही, सरळ ओल्या गवतातून. रादोयकोच्या काळ्या दगडापाशी थांबली आणि उजव्या कोऱ्या भागावर तळहात ठेवला. रादोयकोचा दगडातला चेहरा तिच्याकडे बघत होता. खरा रादोयको मात्र हातातल्या दाताळ्याकडे.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गाय, चीज, टोपी, सगळं एकदम. मी इतका गाढव आहे की कॅमेरा खांद्यावर असून उचललासुद्धा नाही.

देसिमिरचा चेहरा पडला होता. "काकी, लोक काय म्हणतील? तुझं नाव तिथे आहे. आजोबांनी कोरून घेतलंय."

"नाव राहू दे. खोडू नका, मिलुनला सोबत आहे त्याची. फक्त रेघेपुढचं साल कोणी कोरायचं नाही. त्या दगडावर मी मरणार नाही."

मिस्त्रीच्या थापीवरचं सिमेंट सुकत होतं.

"आणि मेणबत्ती?" शेवटी देसिमिर म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "तू गेल्यावर मी मेणबत्ती कुठे लावायची? दोन्हीकडे?"

"दोन्हीकडे. तिथे जिवंतांची, इथे मेलेल्यांची. तुला ताटं कळतात, या पोरासारखा नाहीस तू."

देसिमिरने नाक ओढलं. मग तसबीर रुमालात गुंडाळून तिच्या पिशवीत ठेवली, काच सांभाळावी तशी.

आता सगळे रादोयकोकडे बघायला लागले. त्याने दाताळं भिंतीला टेकवलं, ते पडलं, पुन्हा टेकवलं.

"आधी सांगायचं ना," तो म्हणाला. "दगड पुसून ठेवला असता, विदोसावा."

वहिनी नाही म्हणाला. मी कान देऊन ऐकलं.

"तू तर रोज पुसतोस," ती म्हणाली. "माझ्या खिडकीतून दिसतं."

"मग एवढी वर्षं काही बोलली का नाहीस?"

"तू वाचून आलास आणि निघून गेलास. मी म्हटलं, वाचता येतं याला, बाकी काही येत नाही."

मिस्त्री फोटो दगडावर धरून अंदाज घेत होता. "बसतोय," तो म्हणाला. "दोघं एकमेकांकडे बघतील. पण रादोयको, हातपाय पसरायला जागा कमी पडेल हं."

"सावरून झोपेन," रादोयको म्हणाला.

१ नोव्हेंबर, पितरांचा शनिवार

सगळं गाव वर. थडग्यांवर टेबलक्लॉथ, उकडलेले गहू, पोळ्या, भाजलेलं मांस, आलुबुखारांची दारू राकिया. प्रत्येकजण आधी घोटभर जमिनीवर ओततो, मग पितो. लोक काय म्हणतील, ते लोकांनी म्हणून घेतलं. पाद्र्याची बायको आजीला म्हणाली, "या वयात?" आजी म्हणाली, "आधी वेळ नव्हता." नंतर तीच बाई तिच्याकडून गव्हाची कृती लिहून घेत होती.

आजीने पहिली राकिया मिलुनच्या दगडापाशी ओतली. रादोयकोनेही. दोघं तिथे थोडा वेळ उभे राहिले, रादोयको त्याच्याशी हळू आवाजात काही बोलला. मी जवळ गेलो नाही. मग भिंतीजवळ. मिस्त्रीने काल रात्रीपर्यंत टिंबं टोचली. सरकलेला रुमालसुद्धा तसाच घेतलाय, दात नाही तोही. तिने बघितलं आणि म्हणाली, "हो, ही मी." त्या दगडावरच्या दोघांच्या नावांपुढे साल आणि आडवी रेघ आहे.

मी उद्या दूधगाडीने निघतोय. आईला पत्र लिहायचं राहिलंच, त्यापेक्षा घरीच जातो. संग्रहालयाच्या बाईंना पुरेसे दगड मिळतील, पण माणसांशिवायचा एकही फोटो नाही, काय म्हणतात बघू.

उन्हं उतरताना वर, जुन्या दगडांच्याही वर चढलो, शेवटच्या एका फोटोसाठी. खाली अख्खा चढ, मेणबत्त्या, आलुबुखारांची उघडी झाडं, दरी. चौकट जमली. मधोमध रादोयको, लांब दांड्याचा विळा घेऊन. सणाच्या दिवशीही. या वेळी तो पायवाट नव्हता कापत. मिलुनच्या दगडापासून भिंतीपर्यंतच्या ओल्या गवतातून, ती त्या दिवशी चालत गेली तिथून, नवी वाट पाडत होता.

सवयीने थांबलो, तो बाजूला होईल म्हणून. मग थांबायचं कशाला असं वाटलं, आणि बटण दाबलं.